मद्रास इलाख्याची वनसमिती (१९१२-१३) : जंगलाच्या कारभारात लोकांचा सल्ला

प्रस्तावना

जंगलाचा कारभार सरकारच्या एका खात्याने चालवायचा, की त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या लोकांनाही त्यात विचारायचे, हा प्रश्न आजचा वाटतो. संयुक्त वनव्यवस्थापन, ग्रामसभा, वनहक्क समिती हे शब्द आपण अलीकडच्या वर्तमानपत्रांत वाचतो. प्रत्यक्षात हा वाद ब्रिटिश काळातच सुरू झाला होता. त्या काळातही सरकारने सरकारी व बिनसरकारी सदस्यांच्या समित्या नेमल्या, साक्षी घेतल्या, अहवाल छापले आणि काही ठिकाणी गावांकडे जंगल सोपवूनही पाहिले.

प्रस्तुत पाठात आपण त्यांपैकी एका समितीचा अभ्यास करणार आहोत. ती म्हणजे मद्रास सरकारने १९१२ मध्ये नेमलेली वनसमिती. तिचा अहवाल १९१३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मद्रास इलाखा म्हणजे फक्त आजचा तामिळनाडू नव्हे. आजच्या आंध्र प्रदेशाचा मोठा भाग, केरळातील मलबार आणि कर्नाटकातील दक्षिण कानडा व बेल्लारी हे जिल्हेही त्यात येत. या सर्व प्रदेशाच्या जंगलांचे निर्णय मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, होत असत.

अशा कोणत्याही समितीचा अभ्यास करताना चार प्रश्न विचारावेत. समिती का नेमावी लागली? तिने कोणाचे ऐकले? तिने काय सुचवले? आणि तिने सुचवलेले कायद्यात उतरले की अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिले? यांतला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि मद्रासच्या प्रयोगाचे यश-अपयश त्यातूनच समजते.

१. जंगल खात्याची सुरुवात

१८५६ हे वर्ष मद्रासच्या दृष्टीने दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी १ जुलै रोजी रॉयापुरमहून वालाजा रोडपर्यंत दक्षिण भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. त्याच वर्षी ह्यू क्लेगहॉर्न याची मद्रास इलाख्याचा वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. क्लेगहॉर्न हा कंपनी सरकारच्या सेवेतला डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचा अध्यापक होता.

या दोन घटना एकाच वर्षी घडल्या असल्या तरी त्यांचा संबंध केवळ योगायोगाचा मानता येत नाही. रेल्वेला रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत आणि सुरुवातीच्या काळात इंजिनांसाठी जळाऊ लाकूडही लागे. इमारती व जहाजबांधणीसाठी सागाची मागणी त्याआधीपासून होतीच. मलबारचा कलेक्टर कोनोली याने १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड सुरू केली, ती याच गरजेतून. जंगल तोडले जात आहे आणि ते राखले नाही तर पुढे लाकूड मिळणार नाही, ही चिंता क्लेगहॉर्नच्या लिखाणात वारंवार दिसते. मात्र ते राखण्याच्या उपायांत स्थानिक शेतीवरचे निर्बंधही आले. डोंगरउतारावरची झाडी तोडून, जाळून एक-दोन वर्षे पीक घ्यायचे आणि मग दुसरी जागा शोधायची, या पद्धतीला कोकण-कानडा भागात 'कुमरी' म्हणतात. मद्रास सरकारने १८६० मध्ये सरकारी जंगलांत परवानगीशिवाय कुमरी करण्यास मनाई केली.

२. खात्यांमधला वाद : महसूल मंडळाची भूमिका

१८६४ मध्ये हिंदुस्थान सरकारने वनखाते स्थापन केले आणि जर्मन वनतज्ज्ञ डीट्रिश ब्रँडिस त्याचा पहिला महानिरीक्षक झाला. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला. मद्रास सरकारने मात्र तो आपल्या इलाख्यात लागू केला नाही. या विरोधामागे मद्रासचे महसूल मंडळ होते. चेपॉक राजवाड्यात भरणारे हे मंडळ जमीनमहसुलाचा सर्व कारभार पाहत असे.

महसूल मंडळाने १८७१ मध्ये मांडलेला मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे. मंडळाचे म्हणणे थोडक्यात असे होते : मद्रास इलाख्यातले जवळजवळ प्रत्येक जंगल कोणत्या ना कोणत्या गावाच्या हद्दीत आहे. साग, चंदन अशा काही वस्तूंवरचा हक्क सोडला तर सरकारने या जंगलांवर आपली मालकी अगदी अलीकडेपर्यंत सांगितलेली नाही. त्यांवर गावांचे आणि जमातींचे पूर्वापार हक्क आहेत, आणि ते मोजणे जितके कठीण तितकेच ग्रामीण लोकांना आवश्यक आहेत.

ही भूमिका केवळ लोकांच्या कळवळ्यापोटी घेतली होती, असे समजण्याचे कारण नाही. मद्रास इलाख्यात मोठ्या प्रमाणावर रयतवारी पद्धत होती. सरकारचा महसूल रयतेच्या पिकावर अवलंबून होता. रयतेचे पीक बैलांवर, शेणखतावर आणि रानातून आणलेल्या पालापाचोळ्यावर अवलंबून होते. जंगल बंद झाले तर गुरे उपाशी राहतील, गुरे गेली तर शेती बसेल आणि महसूल बुडेल, हा हिशेब महसूल अधिकाऱ्यांना ठाऊक होता. उलट वनखात्याला जंगल हे स्वतंत्र उत्पन्नाचे साधन वाटत होते. म्हणजे एकाच सरकारची दोन खाती एकाच जमिनीकडे दोन दृष्टींनी पाहत होती. वसाहतकालीन सरकार एकमताने चालत असे, हा समज अशा उदाहरणांमुळे दुरुस्त करावा लागतो.

३. १८७८ आणि १८८२ : मागणी आणि कायदा

१८७८ च्या भारतीय वनकायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी केली. या कायद्याच्या मसुद्यावर जे आक्षेप आले, त्यांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचे निवेदन महत्त्वाचे आहे. जंगल राखायचे असेल तर गावकऱ्यांना विश्वासात घ्या, झाडे वाढवणाऱ्याला व जपणाऱ्याला उत्तेजन द्या, खात्याचे अधिकार वाढवून ते साधणार नाही, असा सभेचा सूर होता. जंगल राखण्याच्या हेतूबद्दल सभेची तक्रार नव्हती; ते कोणी आणि कसे राखायचे, याबद्दल होती.

हा कायदा मद्रासला लागू झाला नाही. १८८१-८२ मध्ये ब्रँडिस स्वतः मद्रासला आला, त्याने इलाख्यातल्या वनकारभाराची पाहणी केली आणि १८८२ मध्ये मद्रासचा स्वतंत्र वनकायदा झाला. गावांसाठी वेगळी जंगले असावीत, असे ब्रँडिसचे मत होते. पण १८७८ च्या कायद्यात ग्रामवनांचे जसे स्वतंत्र प्रकरण होते, तसे मद्रासच्या कायद्यात आले नाही. पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव महत्त्वाची ठरली.

या कायद्यात लोकांना काहीच विचारले जात नव्हते, असे मात्र नाही. एखादा भाग राखीव करायचा असेल तर आधी अधिसूचना काढावी लागे. मग वनजमाबंदी अधिकारी गावांत जाहीरनामा देई आणि किमान तीन महिन्यांची मुदत ठरवून हक्कदारांना आपला दावा लेखी किंवा समक्ष हजर राहून मांडायला सांगे. दाव्याची चौकशी होऊन तो मान्य किंवा अमान्य केला जाई.

ही पद्धत नीट तपासली तर तिच्यातला दोष ध्यानात येतो. कायदा 'हक्क' विचारत होता, आणि तोही दावा करणाऱ्याने सिद्ध करायचा होता. पण गावाची गुरे अमुक टेकडीवर चरतात, अमुक ओढ्याकाठचा पाला भाताच्या खाचरात जातो, नांगराचे लाकूड अमुक रानातून येते, ही रोजची वहिवाट कोणा एकाच्या नावावर नव्हती आणि कागदावर तर मुळीच नव्हती. जो दावा मुदतीत मांडला गेला नाही, तो सामान्यतः संपला. शिवाय हे विचारणे एकदाच होते. जंगल राखीव झाल्यावर त्याचा कारभार कसा चालावा, याबद्दल गावाचा सल्ला घेण्याची कोणतीही सोय कायद्यात नव्हती.

४. तक्रारींची तीस वर्षे

१८८२ नंतरच्या तीस वर्षांत मद्रास इलाख्यात राखीव जंगलांचे क्षेत्र वाढत गेले आणि त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. त्यांचे स्वरूप पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली तक्रार हद्दीची. अनेक ठिकाणी राखीव जंगलाची रेषा शेताच्या बांधाला किंवा गावाच्या वस्तीला येऊन भिडली होती. गुरे गोठ्यातून सुटली की दोन पावलांत गुन्हा होई.

दुसरी तक्रार चराईची. पूर्वी जिथे गुरे मोकळी चरत, तिथे आता प्रत्येक जनावरामागे फी भरून परवाना घ्यावा लागे. परवान्याशिवाय सापडलेले गुरू कोंडवाड्यात जाई आणि ते सोडवायला पुन्हा पैसे भरावे लागत. शेळ्यांवर तर खात्याचा विशेष राग होता, कारण त्या कोवळी रोपे खातात. पण गरीब कुटुंबाकडे बहुधा शेळ्याच असत.

तिसरी तक्रार खताची. दक्षिणेत भाताच्या शेतीला हिरव्या पाल्याचे खत घालण्याची जुनी पद्धत आहे. पाला राखीव रानातून आणणे हा गुन्हा ठरला, तेव्हा त्याचा परिणाम थेट पिकावर झाला.

चौथी तक्रार कनिष्ठ नोकरांची. वनगुन्ह्याचा खटला कोर्टात न नेता जागेवरच रक्कम भरून घेऊन मिटवण्याची तरतूद कायद्यात होती. खटल्यासाठी दूरच्या कोर्टात खेटे घालण्यापेक्षा मागतील ते देऊन सुटलेले बरे, असे गावकऱ्याला वाटे. अधिकृत तडजोड कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. गावकऱ्याच्या दृष्टीने 'सरकार' म्हणजे मद्रासचा गव्हर्नर नव्हता. रानाच्या तोंडाशी उभा असलेला गार्ड हेच सरकार होते.

या तक्रारी फक्त मद्रासच्या नव्हत्या. मुंबई इलाख्यात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या लोकांनी अशाच तक्रारी केल्या होत्या. तिथे प्रश्न 'राब' करण्याचा होता. भाताची रोपे तयार करण्यासाठी जमिनीवर फांद्या, पाला व गवत पसरून भाजणे, म्हणजे राब. खात्याने फांद्या तोडण्यावर बंधने घातली तेव्हा कोकणातली भातशेतीच अडचणीत आली. या असंतोषामुळे मुंबई सरकारने १८८५ मध्ये वनचौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात जंगल खात्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांची कशी दैना झाली, हे मांडले होते. मद्रासचा हिरवा पाला आणि ठाण्याचा राब यांची तुलना केली तर एक गोष्ट स्पष्ट होते : शेती आणि रान ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत, हे कायद्याने धरलेले गृहीत शेतकऱ्याच्या व्यवहारात खरे नव्हते.

सरकारी वर्तुळातही याची जाणीव होऊ लागली. शेती सुधारणेच्या पाहणीसाठी आलेल्या डॉ. व्होल्कर याने १८९३ च्या अहवालात शेतीला उपयोगी पडतील अशी जळण व चाऱ्याची राखीव राने तयार करण्यावर भर दिला. १८९४ च्या सरकारी ठरावाने जंगलांचे चार वर्ग केले : हवामान व जमिनीच्या रक्षणासाठीची, मौल्यवान लाकडाची, किरकोळ उपयोगाची आणि कुरणे. शेवटच्या दोन वर्गांत स्थानिक लोकांच्या गरजांना प्राधान्य द्यावे, असे धोरण ठरले. पण धोरणाचा कागद आणि रानातला गार्ड यांच्यातले अंतर कमी झाले नाही.

५. समितीची नेमणूक आणि तिचे काम

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे प्रांतिक विधिमंडळांत बिनसरकारी सदस्यांची संख्या वाढली. त्यांना प्रश्न विचारण्याचे आणि ठराव मांडण्याचे अधिक अधिकार मिळाले. या सदस्यांत वकील आणि जमीनदार अधिक होते. त्यांचे मतदारही गावोगावचे जमीनधारक होते. त्यामुळे चराई, कोंडवाडा आणि गार्डांचा जाच हे विषय सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या विधिमंडळापर्यंत पोहोचले. वर्तमानपत्रांतूनही टीका होत होती. या दबावाखाली मद्रास सरकारने १९१२ मध्ये वनसमिती नेमली.

या समितीला आपण आजच्या भाषेत लोकसल्ल्याची समिती म्हणू शकतो, कारण तिच्यात अधिकाऱ्यांबरोबर बिनसरकारी सदस्य होते आणि तिने लोकांच्या साक्षी नोंदवल्या. अहवाल आणि साक्षी स्वतंत्रपणे छापल्या गेल्यामुळे आज आपल्याला समितीचे निष्कर्षच नव्हे, तर ते कशावर आधारले होते तेही तपासता येते. ज्या काळात निरक्षर शेतकऱ्याचा शब्द सरकारी दप्तरात क्वचितच उतरत असे, त्या काळातली ही साधने इतिहासकाराला फार मोलाची आहेत.

तरीही अशी साधने वाचताना सावध राहावे लागते. चौकशी समितीपुढे बोलण्यासाठी वेळ, धैर्य आणि भाषा लागते. गावातला मोठा शेतकरी आणि त्याच गावातला भूमिहीन शेळीपालक या दोघांची तक्रार वरवर सारखी दिसली तरी हित सारखे नसते. मोठ्या शेतकऱ्याला पाला आणि बैलांची चराई हवी असते; शेळीपालकाला शेळ्यांना प्रवेश हवा असतो; डोंगरातल्या आदिवासीला राहण्याचा आणि पीक घेण्याचा हक्क हवा असतो. जळण गोळा करणाऱ्या स्त्रिया रोज रानात जात असल्या तरी त्यांचा आवाज अशा चौकशांत सहसा पुरुषांच्या तोंडूनच येतो. म्हणून 'लोकांनी सांगितले' असे वाक्य आले की 'कोणत्या लोकांनी?' हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

६. शिफारशी : वनपंचायतीची कल्पना

समितीने लोकांच्या तक्रारींत मोठे तथ्य आहे, हे मान्य केले. तिच्या विचाराचा गाभा असा होता : सर्व राखीव जंगले एकाच मापाने मोजू नयेत. मौल्यवान लाकडाची किंवा पाणी व जमीन राखण्यासाठी आवश्यक अशी जंगले खात्याकडे राहावीत. पण जी राने मुख्यतः आसपासच्या रयतेच्या चराईच्या, जळणाच्या आणि पाल्याच्या उपयोगाची आहेत, त्यांचा कारभार गावाच्या पंचायतीकडे द्यावा.

या शिफारशीनुसार पुढच्या काही वर्षांत वनपंचायतींचा प्रयोग सुरू झाला. योजनेची रचना सोपी होती. गावातल्या रानाचा ठरावीक भाग पंचायतीकडे सोपवला जाई. पंचायत सरकारला ठरलेली रक्कम भरे, गावकऱ्यांकडून चराईची फी गोळा करी आणि रानाची राखण करी. गार्ड आणि गुराखी यांच्यातला रोजचा संघर्ष यामुळे टळेल, अशी अपेक्षा होती. गावकऱ्याला स्वतःच्या गावातल्याच पंचांपुढे उत्तर द्यायचे होते, आणि रान उजाड झाले तर नुकसानही गावाचेच होणार होते.

वनखात्याला ही कल्पना फारशी रुचली नाही. पंचायती रान राखणार नाहीत, गुरांची गर्दी होईल, उत्पन्नासाठी झाडे तोडली जातील, ही खात्याची नेहमीची भीती होती. तिच्यात तथ्य मुळीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. पंचायतीला सरकारी रक्कम दरवर्षी भरायची असल्यामुळे फी वसूल करणे भाग होते, आणि अधिक फी म्हणजे अधिक गुरे. १९२० च्या दशकात रयतेच्या उपयोगाची ही राने वनखात्याकडून महसूल खात्याच्या देखरेखीखाली आली. पन्नास वर्षांपूर्वीचा दोन खात्यांमधला वाद अशा रीतीने पुन्हा पुढे आला.

७. प्रयोगाच्या मर्यादा

वनपंचायतीची पहिली मर्यादा कायद्याची होती. आपण वर पाहिले की १८८२ च्या कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण नव्हते. त्यामुळे वनपंचायत मुख्यतः सरकारी आदेशावर आणि करारावर उभी होती. जमीन सरकारची राहिली. अटी सरकारने ठरवल्या. पंचायतीला कारभार मिळाला, पण हक्क मिळाला नाही. कराराने दिलेली गोष्ट सरकारला परत घेता येते, आणि अशा संस्थेत गावाने दीर्घकाळाची गुंतवणूक करावी, ही अपेक्षा अवघड असते. आज लावलेले झाड वीस वर्षांनी आपले राहील का, हे माहीत नसताना कोण झाड लावील?

दुसरी मर्यादा 'रयत' या शब्दाची होती. समितीच्या विचारात मैदानी प्रदेशातला शेतकरी केंद्रस्थानी होता. गोदावरी आणि विशाखापट्टणमच्या डोंगराळ 'एजन्सी' भागातले आदिवासी या चौकटीत बसत नव्हते. तिथे 'पोडू' ही फिरती शेती चाले आणि वननिर्बंधांमुळे ती गुन्हा ठरत होती. १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली गुडेम-रंपा भागात जो उठाव झाला, त्याच्या कारणांत वननिर्बंध आणि रस्तेबांधणीसाठी घेतली जाणारी सक्तीची मजुरी ही दोन्ही होती.

तिसरी मर्यादा अशी की सुधारणेचा वेग आणि लोकांच्या सहनशीलतेचा वेग जुळला नाही. समितीचा अहवाल येऊन आठ वर्षे झाली तरी असहकार चळवळीत १९२१-२२ मध्ये गुंटूर जिल्ह्यातल्या पलनाड भागात लोकांनी चराईची फी भरण्यास नकार दिला आणि परवान्याशिवाय गुरे रानात घातली. फेब्रुवारी १९२२ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात कन्नेगंटी हनुमंतू मारले गेले. १९१३ च्या अहवालात ज्या तक्रारी साक्षींच्या रूपात छापल्या होत्या, त्याच इथे सत्याग्रहाच्या रूपात पुढे आल्या. ज्यांचे ऐकून घेतले पण ज्यांच्या जगण्यात फरक पडला नाही, ते पुन्हा समितीपुढे जातीलच असे नाही.

८. तुलना : कुमाऊँची वनपंचायत

मद्रासचा प्रयोग समजून घेण्यासाठी कुमाऊँशी तुलना उपयोगी पडते. हिमालयातल्या कुमाऊँ भागात १९२१ मध्ये वननिर्बंधांविरुद्ध तीव्र आंदोलन झाले आणि अनेक ठिकाणी जंगलांना आगी लावल्या गेल्या. सरकारने त्याच वर्षी तक्रार-निवारण समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर काही जंगले पुन्हा लोकांसाठी खुली झाली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले. हे नियम १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याखाली केलेले होते.

कुमाऊँची वनपंचायत उत्तराखंडमध्ये आजही आहे. तिचे अधिकार पुढे अनेकदा कमी झाले, तिच्यावरही खात्याचे नियंत्रण वाढले. तरी संस्था टिकली. मद्रासची वनपंचायत मात्र स्वातंत्र्यानंतरच्या काळात मागे पडली आणि आज चेन्नईतही थोड्याच लोकांना ती ठाऊक आहे. या फरकाची कारणे एकापेक्षा अधिक आहेत. हिमालयातल्या गावांचे रानावरचे अवलंबित्व, तिथली एकजूट, जमिनीची रचना हे सर्व वेगळे होते. पण एक कारण दुर्लक्षिता येत नाही : कुमाऊँत समितीचा सल्ला नियमांच्या रूपात टिकाऊ झाला, मद्रासमध्ये तो मुख्यतः प्रशासनाची योजना राहिला.

९. आजच्या संदर्भात

१९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने स्थानिक लोकांच्या गरजांना पुन्हा महत्त्व दिले आणि १ जून १९९० च्या केंद्र सरकारच्या परिपत्रकाने संयुक्त वनव्यवस्थापनाला चालना दिली. तामिळनाडूत १९९७ पासून जपानच्या कर्जसाहाय्याच्या वनीकरण प्रकल्पात गावपातळीवर ग्राम वन मंडळे स्थापन झाली. ही मंडळे अनेक ठिकाणी उपयोगी ठरली, पण त्यांचाही आधार सरकारी ठराव हाच होता. १९१३ चा धडा इथे पुन्हा लागू पडतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने वेगळा मार्ग घेतला. सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने कायद्यातच नोंदवला आणि दाव्यांची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गावाने बांबूची विक्री स्वतःच्या निर्णयाने केली. इथे ग्रामसभा सल्ला देणारी नाही, ठरवणारी आहे. १८७१ मध्ये मद्रासच्या महसूल मंडळाने गावांच्या पूर्वापार हक्कांबद्दल जे म्हटले होते, ते कायद्याच्या भाषेत यायला एकशे पस्तीस वर्षे लागली.

समारोप

मद्रासची १९१२-१३ ची वनसमिती अपयशी होती, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. तिने सरकारी दप्तरात लोकांचा शब्द आणला, सर्व जंगलांना एकच नियम लावण्याची चूक दाखवली आणि गाव रान सांभाळू शकते, ही कल्पना मांडून ती अमलात आणायला लावली. तिच्या आधी तीस वर्षे हे कोणी करू शकले नव्हते.

पण तिचा इतिहास हेही शिकवतो की सल्ला घेणे आणि अधिकार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समितीत लोकांना बसवले की लोकसहभाग झाला, असे समजता येत नाही. समितीत कोणाला जागा नव्हती, अहवालानंतर कायदा बदलला का, आणि दिलेला अधिकार परत घेता येतो का, हे पाहावे लागते. आपल्या जिल्ह्यात वनविषयक एखादी समिती असेल तर तिलाही हेच प्रश्न लावून पाहावेत.

सरावासाठी प्रश्न

१. मद्रासच्या महसूल मंडळाने वनकायद्याला विरोध का केला? त्यामागची आर्थिक कारणे स्पष्ट करा.

२. १८८२ च्या मद्रास वनकायद्यातील दावे मांडण्याची पद्धत सांगा आणि गावाच्या सामूहिक वहिवाटीच्या दृष्टीने तिच्यातील दोष दाखवा.

३. चौकशी समितीपुढील साक्षी हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना कोणती काळजी घ्यावी?

४. मद्रास आणि कुमाऊँ येथील वनपंचायतींची तुलना करा.

५. 'सल्ला देणारी समिती' आणि 'ठरवणारी ग्रामसभा' यांतील फरक आपल्या परिसरातील एखाद्या उदाहरणाने स्पष्ट करा.